एका गिटारला दोन माइक कशाला?

घरच्या घरी अकूस्टिक गिटार रेकॉर्ड करायला घेतली की पहिल्या आठवड्यातच एक सल्ला हमखास मिळतो : दोन माइक लाव, स्टीरिओत घे. एक माइक बाराव्या फ्रेटकडे, दुसरा ब्रिजकडे. एकाचा आवाज पूर्ण डावीकडे, दुसऱ्याचा पूर्ण उजवीकडे. कारणही चटकन पटणारं असतं : आपल्याला कान दोन आहेत, मग माइक एकच कसा पुरेल?

घरच्या रेकॉर्डिंगपुरता हा सल्ला मला चुकीचा वाटतो. स्टीरिओ वाईट आहे म्हणून नव्हे, तर स्टीरिओनं नेमकं काय टिपायचं असतं याचा या सल्ल्यात विचारच नसतो म्हणून. माझं म्हणणं थोडक्यात असं : एकटी गिटार हा लहानसा ध्वनिस्रोत आहे. आपल्याला जी रुंदी, जो प्रशस्तपणा ऐकू येतो तो बहुतांशी तिच्या भोवतीच्या जागेचा असतो. आणि आपल्या बेडरूमची जागा टिपून ठेवण्याच्या लायकीची क्वचितच असते. तेव्हा गिटार मोनोत घ्यावी, आणि जागा तिला नंतर द्यावी.

हा नुसता आवडीनिवडीचा प्रश्न असता तर त्यावर लिहायची गरज नव्हती. पण यामागचं बरंचसं भौतिकशास्त्र शाळेत शिकलेल्या तरंगांच्या धड्याइतकंच आहे, आणि ते समजलं की पैसेही वाचतात आणि गिटारही.

दोन कान म्हणजे दोन माइक नव्हेत

आवाज कुठल्या दिशेनं आला हे आपल्याला कसं कळतं, याचा आजही शिकवला जाणारा खुलासा लॉर्ड रॅले यांनी १९०७ मध्ये मांडला. डावीकडून आलेला आवाज डाव्या कानाला आधी पोचतो आणि उजव्याला किंचित उशिरा. डोक्याचा घेर लक्षात घेता हा फरक जास्तीत जास्त ०.६ ते ०.७ मिलिसेकंद भरतो. खालच्या सुरांसाठी मेंदू या वेळेच्या फरकावर भिस्त ठेवतो. साधारण १,५०० हर्ट्‌झच्या वर तरंगलांबी डोक्यापेक्षा लहान व्हायला लागते, डोक्याची ‘सावली’ पडते, आणि मग दोन कानांतल्या पातळीचा फरक कामाला येतो.

यातली महत्त्वाची गोष्ट अशी की कानांच्या मधे डोकं असतं आणि कानांच्या मागे मेंदू असतो. दोन स्टँडवर अर्ध्या मीटरवर उभ्या केलेल्या दोन माइकांना यातलं काहीच नसतं. त्यांनी टिपलेला वेळेचा फरक आपल्या डोक्याच्या मापाचा नसतो, गिटारवादकानं स्टँड कुठे ठेवला त्या मापाचा असतो. शिवाय एका स्पीकरमधून आलेला मोनो आवाजही आपण दोन्ही कानांनीच ऐकतो. तेव्हा ‘कान दोन, म्हणून माइक दोन’ हा युक्तिवाद ऐकायला गोड असला तरी पोकळ आहे.

गिटार किती रुंद असते?

टोकापासून टोकापर्यंत गिटार साधारण एक मीटर लांब असते. त्यातला आवाज देणारा मुख्य भाग म्हणजे लाकडी पेटी, ती जेमतेम अर्ध्या मीटरची. तुम्ही समोर तीन मीटरवर बसलात तर ही पेटी तुमच्या नजरेत सुमारे साडेनऊ अंशांचा कोन व्यापते. हात लांब करून मूठ डोळ्यांसमोर धरली तर ती जवळपास एवढाच कोन झाकते.

आता घरातले दोन स्पीकर घ्या. नेहमीच्या मांडणीत ऐकणाऱ्यापासून ते ३० अंश डावीकडे आणि ३० अंश उजवीकडे असतात, म्हणजे मधे ६० अंश. एक माइक पूर्ण डावीकडे आणि दुसरा पूर्ण उजवीकडे टाकला की साडेनऊ अंशांची गिटार ६० अंशांवर ताणली जाते. खालच्या तारा एका भिंतीला, वरच्या तारा दुसऱ्या भिंतीला. तीन मीटरवर बसून ऐकणाऱ्याच्या दृष्टीनं ही गिटार जवळजवळ साडेतीन मीटर रुंद झाली!

तुलनेसाठी आपल्या मैफलीकडे पाहा. गायकाच्या दोन्ही बाजूंना मागे एकेक तंबोरा असतो, शेजारी तबला आणि पेटी. पहिल्या रांगेत बसलं की ही रुंदी खरोखर कानांना जाणवते, कारण स्रोतच वेगवेगळ्या ठिकाणी बसलेले आहेत. अशा मैफलीचं स्टीरिओ रेकॉर्डिंग ही खऱ्या गोष्टीची नोंद असते. एकट्या गिटारच्या बाबतीत मात्र आपण नसलेली रुंदी तयार करत असतो.

खालच्या सुरांत तर गिटारला बाजूच नसतात म्हटलं तरी चालेल. सहाव्या तारेचा मोकळा सूर ८२.४ हर्ट्‌झचा असतो, आणि हवेत त्याची तरंगलांबी चार मीटरहून जास्त भरते. गिटारची पेटी आणि तिचं गोल छिद्र मिळून, बाटलीच्या तोंडावर फुंकर मारल्यावर होतो तसा एक अनुनाद तयार होतो. बहुतेक गिटारींत तो १०० हर्ट्‌झच्या आसपास असतो, म्हणजे तरंगलांबी सुमारे ३.४ मीटर. एवढ्या लांब तरंगांपुढे अर्ध्या मीटरची पेटी हा एक ठिपका आहे. वरच्या सुरांत चित्र बदलतं. तिथे लाकडाच्या पट्टीचे वेगवेगळे भाग वेगवेगळे थरथरतात आणि वेगवेगळ्या दिशांना आवाज फेकतात. म्हणून माइक चार बोटं सरकवला तरी आवाजाचा पोत बदलतो. पण त्यावरचा उपाय दुसरा माइक नव्हे, पहिला माइक नीट जागी ठेवणं हा आहे.

सतरा सेंटिमीटरची किंमत

समजा, पहिला माइक गिटारपासून ३० सेंटिमीटरवर आहे आणि दुसरा ४७ सेंटिमीटरवर. फरक सतरा सेंटिमीटरचा, म्हणजे पेनापेक्षा थोडासाच जास्त. खोलीच्या तापमानाला ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, तेव्हा हे जादा अंतर कापायला त्याला अर्धा मिलिसेकंद लागतो.

हेडफोनमध्ये, डावा माइक डाव्या कानात आणि उजवा उजव्या कानात असेपर्यंत हा अर्धा मिलिसेकंद छान वाटतो. आवाज पसरल्यासारखा होतो. पण हे दोन आवाज एकत्र मिसळले की काय होतं? १,००० हर्ट्‌झच्या सुराचं एक पूर्ण कंपन एक मिलिसेकंदाचं. अर्धा मिलिसेकंद उशीर म्हणजे बरोबर अर्धं कंपन मागे. एकाचा उंचवटा तिथे दुसऱ्याचा खळगा, आणि दोन्ही एकमेकांना खातात. हेच ३,००० हर्ट्‌झला, ५,००० हर्ट्‌झला, असंच पुढे. उलट २,००० आणि ४,०००ला दोघांची बेरीज होते. आलेख काढला तर तो कंगव्याच्या दातांसारखा दिसतो, म्हणून याला कोम फिल्टरिंग म्हणतात.

संगीताच्या भाषेत सांगायचं तर पहिल्या तारेचा मोकळा सूर ३२९.६ हर्ट्‌झचा असतो, आणि त्याचा तिसरा हार्मोनिक सुमारे ९८९ हर्ट्‌झला येतो. नेमका पहिल्या खळग्यात. ज्या तारेवर तुम्ही धून वाजवता तिची चमकच कापली जाते. दुसरा माइक थोडा दूर असल्यानं त्याचा आवाज थोडा कमी असतो, म्हणून सूर अगदी शून्य होत नाही. तरीही वरच्या उदाहरणात बेरीज आणि वजाबाकी यांत सुमारे १३ डेसिबेलचा फरक पडतो. आणि दोन्ही बाजू समान वाटाव्यात म्हणून दुसऱ्या माइकची पातळी वाढवली की खळगा आणखी खोल होतो. करायला गेलं एक आणि झालं भलतंच.

त्यात वादक पुतळ्यासारखा बसत नाही. तो डोलतो. डोलताना अंतरातला फरक १७ वरून १२ सेंटिमीटरवर आला तर पहिला खळगा १,००० वरून सुमारे १,४३० हर्ट्‌झवर सरकतो. ऐकणाऱ्याला आवाज मधेच भोवऱ्यासारखा फिरल्याचा भास होतो आणि कारण कळत नाही.

यावर ‘पण मी माझ्या रेकॉर्डिंगमध्ये दोन्ही बाजू मिसळतच नाही’ हे उत्तर पुरेसं नाही. तुम्ही मिसळत नसाल, पण ऐकणाऱ्याचं यंत्र मिसळतं. अनेक लहान ब्लूटूथ स्पीकर दोन्ही बाजू एकत्र करूनच वाजवतात. ज्या फोनला एकच स्पीकर आहे त्याच्यापुढे दुसरा पर्यायच नसतो. आपण परदेशात हेडफोन लावून तासन्‌तास माइक हलवतो, आणि जिच्यासाठी वाजवलं ती आजी नाशिकला स्वयंपाकघरातल्या डबीएवढ्या स्पीकरवर ते ऐकते. तिच्यापर्यंत जे पोचतं तेच खरं रेकॉर्डिंग.

इथे आणखी एक गैरसमज दूर केला पाहिजे. ‘तीनास एक’चा नियम पाळला की झालं, असं सांगितलं जातं : माइक स्रोतापासून जितका दूर, त्याच्या तिप्पट अंतर दोन माइकांमध्ये ठेवा. हा नियम आहे दोन वेगवेगळ्या स्रोतांसाठी, उदाहरणार्थ शेजारी बसलेल्या दोन वक्त्यांसाठी. एकाचा आवाज दुसऱ्याच्या माइकात सुमारे साडेनऊ डेसिबेल कमी जावा, म्हणजे खळगे उथळ राहतील, एवढाच त्याचा हेतू. एकाच गिटारवर दोन्ही माइक रोखले आहेत आणि दोन्हींची पातळी सारखी ठेवायची आहे, तिथे हा नियम आपोआप लागू होत नाही. सॉफ्टवेअरमध्ये एक ट्रॅक अर्धा मिलिसेकंद सरकवणं हाही अर्धाच इलाज आहे. त्यानं गिटारवरच्या एका बिंदूचा हिशेब जुळतो. पेटीच्या दुसऱ्या टोकाचा आणि भिंतींवरून परतणाऱ्या आवाजाचा हिशेब चुकलेलाच राहतो.

खोलीचा हिशेब

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. रुंदी जर जागेची असते, तर आपल्या घरातली जागा कशी आहे?

साडेतीन मीटर लांब, तीन मीटर रुंद आणि २.४ मीटर उंच, म्हणजे आठ फुटी छताची, बेडरूम घ्या. अमेरिकेतल्या अनेक घरांत अशीच खोली असते. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ठरावीक वारंवारतांचे स्थिर तरंग उभे राहतात. साडेतीन मीटरच्या लांबीसाठी पहिला ४९ हर्ट्‌झला आणि दुसरा ९८ हर्ट्‌झला. सहाव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटवर वाजणारा जी हा सूर ९८ हर्ट्‌झचाच! वर सांगितलेला पेटीचा अनुनादही तिथेच जवळपास आहे. परिणामी त्या खोलीत जी वाजला की एका कोपऱ्यात तो ढोलासारखा घुमतो, आणि दोन पावलं सरकलं की गायब होतो. दोन माइक दोन ठिकाणी ठेवले तर एकात जी प्रचंड आणि दुसऱ्यात किरकोळ येण्याची शक्यता असते. मग ऐकताना एकच सूर भलत्याच बाजूला झुकतो. गालिचानं यावर उपाय होत नाही. गालिचा वरचे सूर शोषतो, एवढ्या लांब तरंगांना तो दिसतही नाही.

दुसरा हिशेब अंतराचा. गिटारपासून दूर जावं तसा थेट आवाज कमी होत जातो, पण खोलीभर पसरलेला निनाद साधारण तेवढाच राहतो. ज्या अंतरावर दोन्ही सारखे होतात त्याला क्रिटिकल डिस्टन्स म्हणतात. वरच्या खोलीचं घनफळ सुमारे २५ घनमीटर. आवाज ६० डेसिबेल खाली यायला तिथे ०.४ सेकंद लागतात असं धरलं, तर हे अंतर जेमतेम ४५ सेंटिमीटर येतं. समोरचा आवाज जास्त आणि मागचा कमी घेणारा कार्डिऑइड माइक वापरला तर ते पाऊण मीटरच्या थोडं पुढे जातं. लहान खोलीत हे सूत्र ढोबळच आहे, पण अंदाज यायला पुरेसं आहे. ज्या माइकनं ‘जागा’ टिपायची म्हणून आपण तो मीटरभर मागे नेतो, त्याला गिटारपेक्षा कपाट, खिडकी आणि छत जास्त ऐकू येतात.

जमिनीवरून येणारं परावर्तन हेच सांगतं. गिटार आणि माइक दोन्ही जमिनीपासून ७० सेंटिमीटर उंच आहेत आणि फरशी कडक आहे असं समजा. दोघांत अंतर ३० सेंटिमीटर असेल तर फरशीवरून परतलेल्या आवाजाची ऊर्जा थेट आवाजाच्या सुमारे तेविसाव्या हिश्श्याएवढी. तेच अंतर एक मीटर केलं तर ती एक तृतीयांश होते.

भारतात सुट्टीवर जाऊन तिथे रेकॉर्ड करणाऱ्यांना हा फरक लगेच जाणवेल. इकडच्या जिप्सम बोर्डाच्या भिंती खालचे सूर काही प्रमाणात स्वतःच थरथरून गिळतात, काही शेजाऱ्याला पोचवतात, आणि खाली बहुधा गालिचा असतो. तिकडे विटांच्या किंवा काँक्रीटच्या भिंती आणि लादीची फरशी असते, सगळं कडक. तिथे खोली जास्त बोलते, म्हणून तिथे माइक आणखी जवळ हवा.

स्टीरिओवाल्यांचं कुठे बरोबर आहे

माझ्या मताविरुद्ध तीन मुद्दे खरोखर वजनदार आहेत.

पहिला, दोन कान निनाद बाजूला सारण्यात पटाईत असतात. खोलीत बसून गिटार ऐकताना एक कान बोटानं नीट बंद करून पाहा. खोली अचानक जास्त घुमल्यासारखी वाटेल. मोनो माइक म्हणजे तो एक कान. थेट आवाज समोरून आणि निनाद चहूबाजूंनी आला, ही माहितीच त्याच्याकडे नसते. म्हणून मोनोत खोलीचे दोष जास्त टोचतात. हे पूर्ण खरं आहे. पण यातून निघणारा निष्कर्ष माझ्या मते ‘दुसरा माइक लावा’ असा नसून ‘पहिला माइक जवळ न्या’ असा आहे.

दुसरा मुद्दा हेडफोनचा. हेडफोनवर निव्वळ मोनो गिटार डोक्याच्या आत, दोन्ही कानांच्या मधोमध अडकल्यासारखी वाटते. दोन तास कुणी तसं ऐकणार नाही. गाण्याच्या साथीला गिटार असेल तर हे जाणवत नाही, पण एकट्या गिटारला लपायला जागा नसते.

तिसरा मुद्दा वादकाचा. वाजवणाऱ्याच्या छातीशी गिटार असते, कान तिच्यापासून अर्ध्या मीटरवर. डावा हात एकीकडे, उजवा दुसरीकडे. त्याच्यासाठी गिटार खरोखर रुंद असते. बोटांनी वाजवताना पेटीवर थापही मारणाऱ्या वादकाला ऐकणाऱ्याला आपल्या जागी बसवायचं असेल, तर रुंद स्टीरिओ ही प्रामाणिक निवड आहे. फक्त ती निवड आहे, निसर्गनियम नव्हे, एवढं ध्यानात ठेवावं.

आणि मोनो म्हणजे तडजोड, ही समजूतही सोडून द्यावी. सेगोव्हियानं १९२७ मध्ये एचएमव्हीसाठी केलेली गिटारची रेकॉर्डिंगं मोनो आहेत. रॉबर्ट जॉन्सननं १९३६ मध्ये सॅन अँटोनिओतल्या एका हॉटेलच्या खोलीत आणि १९३७ मध्ये डॅलसमध्ये मिळून जी २९ गाणी ध्वनिमुद्रित केली, त्यांवर ब्लूज गिटारच्या पुढच्या पिढ्या पोसल्या गेल्या. तीही सगळी मोनो. तेव्हा दुसरा पर्याय नव्हता हे मान्य. पण हॉटेलची खोली आपल्या बेडरूमहून फार वेगळी नसते, आणि त्या गाण्यांत गिटार रुंद नाही म्हणून कुणी ती ऐकायचं सोडलेलं नाही.

ब्लुमलाइननं दाखवलेली वाट

स्टीरिओचा पाया घालणाऱ्यांनी मोनोची किती काळजी घेतली होती, हे पाहण्यासारखं आहे. ईएमआयमधले ब्रिटिश अभियंता ॲलन ब्लुमलाइन यांनी डिसेंबर १९३१ मध्ये ज्या पेटंटसाठी अर्ज केला, त्यात आजच्या स्टीरिओचा बहुतेक आराखडा आहे. १९३४ मध्ये त्यांनी लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत ऑर्केस्ट्राची प्रायोगिक रेकॉर्डिंगंही केली. त्यांच्या मांडणीत दोन माइक एकमेकांपासून दूर नसून एकाच ठिकाणी असतात, फक्त वेगवेगळ्या दिशांना वळलेले. दोघांपर्यंत आवाज एकाच वेळी पोचतो, फरक राहतो तो पातळीचा. मग बेरीज करताना कंगवा तयार होणार कसा? युद्धकाळात रडारच्या चाचणीत विमान कोसळून १९४२ मध्ये ब्लुमलाइन गेले. घरोघरी स्टीरिओ तबकड्या आल्या त्या १९५८ नंतर. पुढे १९६१ मध्ये अमेरिकेत एफएम रेडिओवर स्टीरिओ सुरू झालं, तेव्हाही डावी आणि उजवी बाजू सुटी पाठवली नाही. दोन्हींची बेरीज मुख्य जागी आणि वजाबाकी वेगळी, अशी रचना केली. जुन्या मोनो रेडिओला बेरीज तेवढी ऐकू येई आणि त्याचं काही बिघडत नसे.

याच बेरीज-वजाबाकीचा माइकांतला अवतार म्हणजे मिड-साइड पद्धत, आणि घरच्या गिटारला स्टीरिओ हवंच असेल तर माझी पसंती तिलाच आहे. एक कार्डिऑइड माइक सरळ गिटारकडे, तो मिड. त्याला चिकटून दुसरा, डावीकडून आणि उजवीकडून ऐकणारा पण समोरून बहिरा, इंग्रजी आठच्या आकड्यासारखा ग्रहणपट्टा असलेला, तो साइड. डावी बाजू म्हणजे मिड अधिक साइड, उजवी म्हणजे मिड वजा साइड. दोन्हींची बेरीज करा : साइड कटते आणि उरतो दुप्पट मिड. कुठलाही खळगा नाही, कुठलाही सूर हरवला नाही. आजीच्या स्पीकरवर नेमकं तेच पोचेल जे एका नीट ठेवलेल्या माइकनं ऐकलं.

मला ही पद्धत आवडते ती यातल्या स्पष्टपणासाठी. मिड म्हणजे प्रामुख्यानं गिटार, साइड म्हणजे प्रामुख्यानं खोली. खोली किती हवी ते नंतर निवांत ठरवता येतं, आणि खोली वाईट निघाली तर साइड शून्यावर आणून मोकळं होता येतं. दूर ठेवलेल्या दोन माइकांत ही सोय नाही. दोन कार्डिऑइड ९० अंशांत एकावर एक ठेवायची एक्स-वाय पद्धतही बेरजेला निर्धोक आहे. फक्त तिच्यात गिटार दोन्ही माइकांच्या थेट समोर येत नाही, त्यामुळे वरचे सूर किंचित मवाळ होतात.

मग करायचं काय?

एक चांगला माइक घ्या. दोन मध्यम माइकांच्या किमतीत एक चांगला येतो, आणि हौसेला मोल नसलं तरी पाकिटाला असतं. गिटारची मान पेटीला मिळते तिथे, म्हणजे बाराव्या ते चौदाव्या फ्रेटच्या आसपास, तो रोखा. अंतर ३० ते ४५ सेंटिमीटर. छिद्राच्या थेट समोर नको. तिथे पेटीच्या अनुनादाचा वारा असतो, आणि कार्डिऑइड माइक जवळ आला की खालचे सूर स्वतःच फुगवतो. खोलीच्या बरोबर मध्यावर आणि कोपऱ्यात बसणं टाळा. मागे जाड रजई टांगा. हीटर किंवा एसी दहा मिनिटं बंद ठेवा. मग सहाव्या तारेवर पहिल्या फ्रेटपासून आठव्यापर्यंत एकेक सूर सारख्या जोरानं वाजवून रेकॉर्ड करा. एखादाच सूर उसळी घेत असेल तर दोष माइकचा नाही, बसायची जागा हातभर बदला.

जागेचा भास नंतर द्या. मोनो गिटार मधोमध ठेवा आणि तिच्यावर हलका स्टीरिओ रिव्हर्ब लावा, सुरुवात पंधरा-वीस मिलिसेकंद उशिरा. यानं स्रोत लहान राहतो आणि भोवतीची जागा रुंद होते. चांगल्या सभागृहात गिटार ऐकताना कान हेच ऐकतात. हेडफोनवाल्याची तक्रार मिटते, आणि दोन्ही बाजू एकत्र केल्या तरी मूळ गिटार जशीच्या तशी राहते. रिव्हर्ब कृत्रिम असतो हा आक्षेप मी मानतो. पण कपाटाचा आणि छताचा खरा निनाद आणि चांगल्या सभागृहाचा खोटा निनाद, यांतून निवडायचं झालं तर मी खोटा निवडेन.

आणि जिथे खोली खरोखर चांगली मिळते, उदाहरणार्थ उंच छताचा लाकडी हॉल किंवा एखाद्या दुपारी रिकामं असलेलं चर्च, तिथे जरूर स्टीरिओ घ्या, कारण तिथे टिपण्यासारखं काही आहे.

माझं ऐकू नका, ताडून पाहा. एकच तुकडा एका माइकनं आणि दोन माइकांनी घ्या. दोन्हींचा आवाज सारख्या पातळीवर आणा, कारण जो किंचित मोठा तोच आपल्याला चांगला वाटतो. मग घरातल्या कुणाला तरी न सांगता लावायला सांगा, एकदा हेडफोनवर आणि एकदा स्वयंपाकघरातल्या स्पीकरवर. दोन्हीकडे दोन माइकांचं रेकॉर्डिंग जिंकलं तर तुमची खोली माझ्या समजुतीपेक्षा चांगली आहे, आणि तुम्ही दुसरा माइक खुशाल ठेवून घ्या.